फाळक्यांच्या मागावर, गिरगाव ते दादर: पैसे वसूल, फक्त तो स्पीकर बदला

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढं वाचायची तसदी नको. फाळक्यांच्या जागा चालत दाखवणाऱ्या ह्या फेरीला पाचपैकी चार तारे. माणशी सातशे रुपये, त्यात दादरचा चहा-वडा धरलेला, लोकलचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. रविवारी सकाळी साडेसातला चर्नी रोड स्टेशनबाहेर जमायचं आणि बाराच्या आसपास दादर पूर्वेला मोकळं व्हायचं. चालवणारी दोन-तीन तरुण पोरं आहेत, कंपनीबिंपनी काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो, त्यावर नाव द्यायचं. विषय एकच, दादासाहेब फाळके.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेली बाई. "मॅडम, धंदा एकदम नवीन आहे, आपल्याकडे अजून कुणी केलेला नाही," असं म्हणत समोरच्या खुर्चीत बसलेली किती माणसं पाहिली त्याची गणती नाही. त्यातल्या बऱ्याच जणांच्या फायली पुढं वसुलीच्या कपाटात गेल्या. त्यामुळे फाळक्यांची गोष्ट मला नेहमी अर्धी वाटत आली आहे. शाळेपासून ऐकतोय: ध्येयवेडा माणूस, बायकोचे दागिने, पहिला सिनेमा, टाळ्या. अहो, पण हप्ते कुणी भरले? कच्ची फिल्म उधारीवर मिळायची का? पिक्चर चालल्यावर पैसा कुणाच्या खिशात गेला? भाचीनं माझं नाव दिलं तेव्हा, पुन्हा तेच कीर्तन असेल, ह्याच तयारीनं मी बदलापूरहून निघाले होते. ह्या पोरांनी तसं केलेलं नाही. फाळक्यांना त्यांनी देव्हाऱ्यातून उतरवून गल्ल्यावर बसवलंय. चार तारे त्याचे.

सुरुवातच वेगळी होती. पोरगा आम्हाला थेट गिरगावातल्या मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरसमोर घेऊन गेला. इथं पूर्वी मॅजेस्टिक सिनेमा होता आणि १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, इथंच लागला. मला वाटलं, ह्याचं काहीतरी चुकलं, फाळक्यांचा बोलपटाशी काय संबंध! तर म्हणाला, "काकू, इथूनच सुरू करायचं. ह्या दिवसापासून त्यांच्या दुकानाला घरघर लागली. दुकान उघडलं कसं ते आता बघू." शेवटची शिल्लक आधी दाखवायची आणि मग मागच्या नोंदी काढायच्या, हे मला जाम आवडलं.

मग अर्जदाराची माहिती. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं, तो धंदा बंद. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, तीही सोडली. छापखाना काढला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला आणि भागीदारांशी फाटलं, तेव्हा त्यातूनही बाहेर पडले. १९११ साली गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि ख्रिस्ताच्या जागी त्यांना कृष्ण दिसायला लागला. मग रोज सिनेमे बघून बघून डोळ्यांचं दुखणं ओढवून घेतलं, इतकं की काही काळ दिसेनासं झालं.

आता तुम्ही कर्ज अधिकारी आहात असं समजा. वय एक्केचाळीस, नोकरी सोडलेली, एक धंदा बुडालेला, दुसऱ्यात भागीदारांशी भांडण, डोळे अधू, पदरात पोरंबाळं, आणि मागणी अशा व्यवसायासाठी जो देशात कुणी धड केलेला नाही. मी तर फॉर्मसुद्धा आत घेतला नसता.

पैसे उभे राहिले ते आयुर्विम्यावर. बारा हजारांच्या पॉलिसी तारण ठेवून दहा हजार उचलले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला गडी बोटीनं लंडनला निघाला. तिथं 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना गाठलं, त्यांच्या ओळखीनं सेसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याचा स्टुडिओ आतून पाहिला, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला परत मुंबईत हजर. दोन महिन्यांत, जाऊन-येऊन, बोटीनं! आमच्याकडे एखादा कर्जदार शिवणयंत्राचं कोटेशन आणायला ह्याहून जास्त वेळ लावायचा.

पण खरी गंमत पुढं आहे, आणि पोरानं ती नीट सांगितली. यंत्र आलं तरी चित्रपटासाठी भांडवल लागणारच. फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडीथोडी फिल्म फिरवत कोंब फुटून वेल होईपर्यंतचं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ'. मिनिटभरात वाटाण्याचं झाड वाढताना दिसतं. ते त्यांनी निवडक लोकांना दाखवलं. फोटोसामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी त्यात होते, आणि कर्जाची व्यवस्था झाली. इतकी वर्षं प्रोजेक्ट रिपोर्ट वाचले, पण ह्याच्याइतका सरळ रिपोर्ट माझ्या टेबलावर कधी आला नाही. आकडे नाहीत, अंदाजपत्रक नाही, यंत्र काय करू शकतं आणि माणूस किती दम धरू शकतो ते पडद्यावर दाखवलं आणि विषय संपवला.

तिथून सरदार पटेल मार्ग, म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड. ह्या रस्त्यावर कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ होतं. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' इथं लागला. आमच्या गटातल्या एका सद्गृहस्थांनी लगेच तोंड उघडलं: "पहिला सिनेमा दादासाहेब तोरण्यांचा. त्याचं काय?" असे एक काका प्रत्येक गटात असतातच. पण पोरगा डगमगला नाही. म्हणाला, बरोबर, आणि तो ह्याच कोरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला लागला होता. 'श्री पुंडलिक'. फरक एवढाच की ते रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती. फाळक्यांनी कॅमेऱ्यापासून धुलाईपर्यंत सगळं दादरला आणलं. कुणाला पहिलं म्हणायचं ते तुम्ही ठरवा, असं म्हणून तो पुढं चालायला लागला. काकांचं समाधान झालं नाही, माझं झालं.

इथंच सुरतेचा किस्सा निघाला. नाटकाला लोक रात्र रात्र बसायचे आणि हा सिनेमा तासाभरात आटोपायचा, त्यामुळे तेवढ्याच पैशात एवढंसंच का घ्यायचं, असा गिऱ्हाइकाचा रास्त सवाल. सुरतेला पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये. मग फाळक्यांनी जाहिरातच फिरवली: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली, गल्ला तीनशेवर गेला. म्हणजे कलेचं कौतुक बाजूला, माल वजनावर विकला!

सवयीनं मी मोबाइलवर गुणाकार केला. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे एकोणसाठ हजारांच्या वर फोटो. इथं फाळके प्रामाणिक, उलट थोडे कमीच सांगितलेत. पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. दोन मैल कुठून आले? पोराला विचारलं तर हसला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही त्या वेळी सुरतेला नव्हता ते बरं झालं." जाहिरात खातं तेव्हाही आजच्यासारखंच होतं तर.

आता तक्रारी. पोराच्या कमरेला तो छोटा स्पीकर असतो ना, शिकवणीवाल्यांकडे असतो तसा, तो ग्रँट रोडला पोहोचेपर्यंत खरखरायला लागला आणि पुलावर पार मेला. तिथून पुढं मागचे चार-पाच जण नुसते चालत होते. सातशे रुपये घेता तर एक जादा बॅटरी जवळ ठेवायला काय होतं? दुसरं, 'राजा हरिश्चंद्र'चे जे तुकडे आज शिल्लक आहेत ते टॅबवर दाखवतात. चांगली कल्पना, पण भर उन्हात रस्त्यावर टॅब धरला तर त्यात स्वतःचंच तोंड दिसतं. तारामती आणि तिच्या सख्या हौदात खेळतात तो प्रसंग, आणि त्यात सगळ्या 'बायका' म्हणजे लुगडं नेसलेले पुरुष, हे मी घरी येऊन यूट्यूबवर पाहिलं. तिसरं, शौचालय. चार-साडेचार तासांच्या फेरीत त्याची सोय कुठं आहे हे आधी सांगायला हवं. बायका हे विचारायला लाजतात आणि मग पाणीच पीत नाहीत. मी विचारलं, तेव्हा कळलं.

असो. ग्रँट रोडचा किस्सा मात्र झकास रंगला. तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती दिल्या तर जे आले ते असे आले की, कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये, अशी ओळ घालायची पाळी आली. सिनेमात काम करायला घरंदाज बायका तर सोडाच, कोठीवरच्याही तयार नव्हत्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळवजा हॉटेलात फाळक्यांना एक नाजूक बांध्याचा, लांब बोटांचा पोरगा दिसला, अण्णा साळुंके. पगार महिना दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तोच हरिश्चंद्राची तारामती, आणि चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तोच! लोक ह्यात त्याच्या अभिनयाचं कौतुक करतात, करावंच. मला मात्र त्यात निर्माता दिसतो. शिकवून तयार झालेला माणूस हाताशी असताना दुसरा कशाला शोधा?

ग्रँट रोडहून स्लो लोकल. रविवार असल्यानं बसायला मिळालं आणि पोरानं वांगणीची गोष्ट गाडीतच सांगितली. हे मी माझ्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ऐकवून झालंय, कारण वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढचं स्टेशन. बाहेरचं चित्रण करायला फाळक्यांची मंडळी तिथं गेली. गावकऱ्यांनी काय पाहिलं, तर अनोळखी पुरुषांचा जथ्था, ढाली-तलवारी, भाले, आणि त्यात लुगडी नेसलेले बाप्ये. दरोडेखोरच आले असं वाटून वर्दी गेली आणि सगळ्यांना अडकवलं. फाळक्यांनी येऊन समजावलं तरी कुणाला पटेना. सिनेमा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तर पटणार कसं? शेवटी कॅमेऱ्यात फिल्म न घालता सगळ्यांकडून एक प्रसंग करवून घेतला, तेव्हा कुठं सुटका झाली. पोरगा म्हणाला, फिल्म न घालता हे लक्षात घ्या. मंडळी अटकेत असतानाही माणूस कच्चा माल फुकट घालवत नव्हता.

आणि हो, नटांना घरी-दारी काय सांगायचं तेही ठरलेलं. सिनेमात आहे म्हणायचं नाही, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणायचं. फॅक्टरीला इज्जत होती.

दादरला उतरून पूर्वेला आलो. पूर्वीचा दादर मेन रोड म्हणजे आताचा दादासाहेब फाळके मार्ग. मथुरा भवन बाहेरूनच बघायचं. इथंच छापखाना होता, इथंच बिऱ्हाड आणि इथंच 'राजा हरिश्चंद्र'ची 'फॅक्टरी'. त्याच रस्त्यावर पुढं रणजित स्टुडिओ आला, आणखीही स्टुडिओ आले; ते सगळं पोरानं दोन वाक्यांत उरकलं, बरंच केलं.

इथं फेरीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट घडली. पोरानं खिशातून एक डबी काढली आणि आम्हा प्रत्येकाच्या हातात फिल्मचा छोटा तुकडा दिला. जुन्या कुठल्याशा चित्रपटाचा, ३५ मिलिमीटरचा. बोटांत धरला की कडेची भोकं नखाला लागतात. एका चौकटीला एका बाजूला चार, दोन्ही बाजूंना मिळून आठ. म्हणाला, तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची, भोकं इथं पाडायला लागायची. अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. आणि ते काम रात्री फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या.

मी पुन्हा मोबाइल काढला. फुटाला १२८ भोकं, ३,७०० फूट. पावणेपाच लाखांच्या घरात जातं. यंत्रानं पाडायची असली तरी यंत्राला फिल्म भरवायची, ओढायची, अंदाज धरायचा तो काळोखातच. आणि हे फक्त पडद्यावर गेलेल्या लांबीचं. निगेटिव्ह वेगळी, प्रिंट वेगळी, वाया गेलेली वेगळी. दिवसा त्याच बाईनं सगळ्या लोकांचा स्वयंपाक करायचा आणि चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. तारामती तूच कर असं फाळक्यांनी तिला विचारलं होतं म्हणतात. ती नाही म्हणाली. मग बाकीचं कुणी करायचं?

दागिन्यांची गोष्ट सगळे सांगतात. दागिने गहाण पडतात आणि सुटतातही, आमच्याकडे रोज चालायचं. पण ही मजुरी कुठल्याच वहीत लिहिलेली नाही. फाळके निर्माते, बरोबर. पण आमच्या भाषेत बोलायचं तर सरस्वतीबाई बिनपगारी कार्यकारी भागीदार होत्या आणि कागदावर त्यांची सही नाही. पोरानं हे इतक्या स्पष्ट सांगितलं नाही, त्यानं फक्त तुकडा हातात दिला. गटातल्या बायका बराच वेळ तो तुकडा उन्हात धरून बघत होत्या.

मग वडा. वडा चांगला होता, चटणी पाणचट. टपरीच्या बाकड्यावर बसून पुढची गोष्ट, आणि इथं मात्र पोरानं घाई केली. १९१३ ला पाऊण तास आणि पुढच्या तीस वर्षांना एक चहा! खरं तर निर्माता म्हणून माणूस कळतो तो इथंच. नाशिकला मुक्काम हलवला, 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' केले, १९१४ मध्ये ती चित्रं घेऊन पुन्हा लंडन, तिथं वाहवा झाली आणि मायदेशी परतेपर्यंत महायुद्ध. भांडवलवाल्यांनी हात आखडले. १९१७ च्या 'लंकादहन'नं मात्र छप्पर फाडून दिलं. मद्रासेत नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्याव्या लागल्या असं सांगतात. एवढा पैसा दिसला की भागीदार येतात. १ जानेवारी १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार, फाळके कामकरी भागीदार. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' चालले. दोन्हींत बाळकृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी घराघरांत पोहोचली. आणि दोन-तीन वर्षांत खर्चावरून खटके उडून फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले. तिथं नाटक लिहिलं, 'रंगभूमी'. मग परत आले, पण जी घडी विस्कटली ती विस्कटलीच.

हा सगळा भाग म्हणजे भागीदारी करारावरचा धडा आहे. एकाला गल्ला दिसतो, दुसऱ्याला पडदा दिसतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. लोक आपट्यांना खलनायक करून मोकळे होतात, मला ते पटत नाही. चित्र आणखी चांगलं व्हावं म्हणून खर्चाला मागेपुढे न बघणाऱ्या माणसाच्या शेजारी कुणीतरी वही घेऊन बसावंच लागतं. छापखान्यातही भागीदारांशी बिनसलं होतं, कंपनीतही बिनसलं. हा योगायोग नाही. ह्यावर पोरानं अर्धा तास तरी द्यायला हवा होता.

बोलपट आला, फाळक्यांचा मूकपट 'सेतुबंधन' आवाज चिकटवून लावावा लागला. पूर्ण बोलपट एकच केला, कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण', १९३७. पासष्टी उलटून गेली होती. पुढं भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा शांतारामबापूंच्या पुढाकारानं पैसे जमले आणि नाशिकला डोक्यावर छप्पर झालं.

शेवटची नोंद पोरानं सांगितली ती मला माहीत नव्हती. युद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षात असलेल्या फाळक्यांनी अर्ज केला. नामंजुरीचं पत्र १४ फेब्रुवारी १९४४ ला आलं, १६ तारखेला ते गेले. नामंजुरीची पत्रं मीही पुष्कळ सह्या करून पाठवली आहेत, "खेद वाटतो" अशी सुरुवात असलेली. चहाचा ग्लास मी तसाच परत ठेवला.

आता कामाचं. पावसाळ्यात फेरी बंद असते. टोपी आणि पाण्याची बाटली न्या, चालायचे बूट घाला, दादरचा पूल चढायचा आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, फिल्मचा तुकडा आणि वडा सोडला तर ती कंटाळतात. आमच्या गटातलं एक पोर ग्रँट रोडलाच रडायला लागलं. पैसे आधी ऑनलाइन घेतात, पावती मागितली तर देतात, मी मागितली. नाशिकची दुसरी फेरी काढायचा विचार आहे म्हणाले, मुक्कामी. काढलीत तर त्यात कंपनीचे हिशेब नीट सांगा, आणि कृपा करून तो स्पीकर बदला.